एक स्विफ्ट, तीन एस्टिमेट: सर्व्हिसिंग नक्की कुठे करायचं?

गाडी २०१८ ची पेट्रोल स्विफ्ट, मॅन्युअल गिअरची. मीटरवर ७१,४०० किलोमीटर. रोज कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन, शिवाय महिन्यातून एखादी कोकणवारी. वॉरंटी कधीच संपलेली. वर्षभरात गाडी विकून मोठी घ्यायचा मालकाचा विचार. तक्रारी दोनच. खराब डांबरावर २०-३० च्या वेगात पुढून खडखड येते, आणि ७०-८० वरून ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. ७०,००० ची सर्व्हिसही लांबलेली.

गाडी उदाहरणादाखल घेतलेली आहे, तक्रारी मात्र या वयाच्या स्विफ्टमध्ये नेहमी दिसणाऱ्या. खालच्या रकमा साधारण भावपातळी धरून, करासकट आणि गोळाबेरीज करून मांडल्या आहेत. शहर आणि गॅरेज बदललं की त्या हलतील, पण फरक कुठून येतो ते त्यातून नीट दिसतं.

तीन कागद

पहिला कागद कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा. पिरिऑडिक सर्व्हिस ७,२००. 'व्हॅल्यू ॲडेड' या नावाखाली इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, अंडरबॉडी कोटिंग आणि उंदीर पळवणारा स्प्रे, मिळून ४,९००. ब्रेकच्या पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड ६,८००. स्टिअरिंग गिअर असेंब्ली, म्हणजे चाकं वळवणारा स्टिअरिंग रॅक, मजुरीसकट १४,५००. अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,४००. एकूण ३४,८००.

दुसरा कागद अनेक कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या साखळी वर्कशॉपचा. घरून गाडी नेणार, घरी आणून देणार. सर्व्हिस पॅकेज ४,०००, पॅड २,२००, डिस्क फेसिंग (डिस्कचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) १,०००, आणि 'पूर्ण फ्रंट सस्पेन्शन किट' १६,५००. एकूण २३,७००.

तिसरीकडे कागदच मिळाला नाही. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं काढून स्वतःचं गॅरेज टाकलेला फिटर. एका शेडमध्ये गाडी उचलायची टू-पोस्ट लिफ्ट (बोलण्यात 'रॅम्प'), बाजूला कॉम्प्रेसर. त्याचं म्हणणं एवढंच: "आधी रॅम्पवर घेतो, पाचशे रुपये तपासणीचे. मग सांगतो काय करायचं ते."

बहुतेक मालक इथे तीन आकडे शेजारी मांडून मधला निवडतात. पण हे तिन्ही आकडे एकाच कामाचे नाहीत. पहिल्याच्या मते दोष स्टिअरिंग रॅकचा, दुसऱ्याच्या मते सगळ्याच सस्पेन्शनचा. तिसऱ्याने अजून मत दिलेलं नाही, आणि प्रामाणिक उत्तर त्याचंच आहे. कारण पहिल्या दोघांनी गाडी न उचलता, ड्रायव्हिंग सीटवर बसून, पाच मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हवर एस्टिमेट बनवलं होतं.

पैसे कुठे वाढतात

'शोरूममध्ये पार्ट महाग' हा समज अर्धाच खरा आहे. कंपनीच्या ओरिजिनल पार्टच्या पाकिटावर पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेली असते. तोच पार्ट नाना पेठेतल्या दुकानात घेतला तरी एमआरपी तीच, फार तर थोडी सूट मिळते. खरा फरक तीन ठिकाणी पडतो. मजुरीत, कारण मोठ्या वर्कशॉपचं भाडं, वॉशिंग बे आणि रिसेप्शन त्यातूनच निघतं. 'व्हॅल्यू ॲडेड' म्हणून वर जोडलेल्या फवारण्यांत. आणि सगळ्यात जास्त, सुटा भाग न बदलता पूर्ण असेंब्ली टाकण्यात.

तिसरं कारण समजून घ्यायला हवं, कारण त्यामागे नेहमी लबाडी असतेच असं नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये आवाजाची तक्रार एकदा घेतली की ती परत आलेली चालत नाही. आवाज नक्की कुठून येतो हे शोधण्यात फिटरचे दोन तास जातात आणि त्या दोन तासांचं बिल लावता येत नाही. असेंब्ली बदलली की निदान करायची गरज उरत नाही, वेळ ठरलेला असतो, आणि आवाज बहुधा जातोही. साखळी वर्कशॉपचं 'किट' हे त्याचंच दुसरं रूप. लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा), लिंक रॉड (गाडीचं कलणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडलेला छोटा दांडा), टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारं टोक) सगळं एकदम बदललं की खराब भाग त्यात कुठेतरी सापडतोच. मालक मात्र चांगल्या भागांचेही पैसे भरतो.

फवारण्यांची गोष्ट वेगळी. सर्व्हिस ॲडव्हायझरला त्यांचं महिन्याचं टार्गेट असतं, म्हणून त्या एस्टिमेटमध्ये आधीच टिक करून येतात. मॅन्युअलमधलं वेळापत्रक उघडून बघा, इंजिन फ्लशचं नाव तिथे सापडणार नाही. थ्रॉटल बॉडी साफ करणं आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचं फिरणं) हलत असेल तर ठीक, दरवर्षी नाही. उंदरांचा स्प्रे पहिल्या जोरदार पावसापर्यंत टिकला तरी मिळवलं.

रॅम्पवर काय दिसलं

खडखड शोधायची एक ठरलेली रीत आहे. ती माहीत असली की कोण खरोखर तपासतोय आणि कोण अंदाज बांधतोय हे मालकाला उभ्या-उभ्या कळतं.

आधी चाकं लटकत ठेवून गाडी उचलायची. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर, धरून हलवायचं. खेळ लागला तर बेअरिंग किंवा लोअर आर्मचा बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ वर धरून हलवायचं. तिथे खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला जॉइंट. या गाडीत दोन्हीकडे खेळ शून्य. मग टॉमी (लांब सळई) घालून लोअर आर्मची रबरी बुशं तपासली. उजव्या आर्मच्या मागच्या बुशला रबरावर बारीक भेगा होत्या, पण धातूला धातू लागत नव्हता.

लिंक रॉड मात्र लटकत्या चाकांवर फसवतो. झिजलेला जॉइंटही तेव्हा घट्ट लागू शकतो. म्हणून गाडी चाकांवर उतरवायची, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायचं, आणि आत हात घालून रॉड जोरात हलवायचा. डावा रॉड टकटक वाजला, उजव्यात थोडा खेळ जाणवला. नंतर एकाने स्टिअरिंग फिरवलं आणि दुसऱ्याने डाव्या स्प्रिंगवर बोटं ठेवली. स्प्रिंग अडकत-अडकत, झटक्याने फिरत होती. म्हणजे वरच्या स्ट्रट माउंटचं (शॉक ॲब्सॉर्बर वरून गाडीला जोडणाऱ्या भागाचं) बेअरिंग खरखरीत झालेलं.

शेवटची खात्री चाचणीवर. दोन्ही लिंक रॉड खालून सोडवून तारेने बांधले, आणि गाडी हळूहळू त्याच खराब रस्त्यावर फिरवली. खडखड गायब. (ही चाचणी शंभर-दोनशे मीटर, कमी वेगात, फिटरनेच करायची. बार सुटा असताना वळणावर गाडी जास्त कलते.)

रॅकचा संशय येतो तोही का, ते सांगायला हवं. या स्विफ्टमध्ये पॉवर स्टिअरिंगची मोटर कॉलमवर (स्टिअरिंगच्या दांड्यावर) असते आणि खालचा रॅक निव्वळ यांत्रिक असतो. लिंक रॉडचा ठोका सबफ्रेममधून रॅकमध्ये आणि तिथून कॉलममध्ये शिरतो, त्यामुळे हाताला तो स्टिअरिंगमध्येच जाणवतो. सीटवर बसून निदान केलं की रॅकच दोषी ठरतो. रॅक खरोखर वाजत असेल तरीसुद्धा आधी त्याच्या दाब-स्क्रूची (रॅकला गिअरवर दाबून धरणाऱ्या स्क्रूची) सेटिंग बघायची असते. तो स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, म्हणून हे काम नवशिक्याचं नाही. पण १४,५०० च्या आधी ती पायरी येते, हे नक्की.

ब्रेकची थरथर

इथे डिस्क वाकली असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा डिस्क फिरताना किंचित डगमगते, त्यामुळे काही ठिकाणी जास्त घासली जाते, आणि हजारो किलोमीटरनंतर तिची जाडी जागोजागी कमी-जास्त होते. पॅडला ती जाडी जाणवते आणि स्टिअरिंग थरथरतं.

ती डगमगते का, याचं कारण या गाडीत सापडलं. चाकं काढल्यावर हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावर गंजाचे थर होते, आणि नट सोडवायला लांब पाइप लावावा लागला. मागे टायर रोटेशन करताना कुणीतरी हवेच्या गनने ते आवळून टाकले होते. या वर्गाच्या गाड्यांना चाकाच्या नटांचा टॉर्क ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या आसपास लागतो. गन त्याच्या दुपटीपर्यंत सहज जाते, आणि प्रत्येक नटाला वेगळी. गंज आणि असमान टॉर्क एकत्र आले की डिस्क हबवर सरळ बसत नाही.

डिस्कची कमीत कमी जाडी तिच्यावरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजल्यावर दोन्ही डिस्क त्या मर्यादेच्या बऱ्याच वर निघाल्या. पॅडचं अस्तर ४ मिलिमीटर उरलेलं. नवीन साधारण १० चं असतं आणि २-३ वर आलं की बदलतात. म्हणजे डिस्क नव्या घ्यायची गरज नव्हती. हब तारेच्या ब्रशने साफ करून डिस्क हलकी फेसिंग केली, आणि ताज्या पृष्ठभागावर जुने खाचा पडलेले पॅड नकोत म्हणून पॅड नवे घातले. डायल गेज लावून डगमग ०.१ मिलिमीटरच्या आत आल्याचं बघितलं, नट टॉर्क रेंचने फुलीच्या क्रमाने आवळले. पहिले दोनेकशे किलोमीटर दणकून ब्रेक मारायचा नाही, ५०-६० वरून मध्यम दाबाने पंधरा-वीस वेळा वेग कमी करायचा, म्हणजे पॅड डिस्कवर नीट बसतात.

हबचा गंज न काढता थेट नव्या डिस्क बसवल्या असत्या, तर थरथर काही महिन्यांत परत आली असती. पहिल्या एस्टिमेटमधले ६,८०० वाया जायची ही नेहमीची वाट.

काम वाटून दिलं

शेवटी गाडी एकाच ठिकाणी गेली नाही.

आवाज आणि ब्रेक फिटरकडे. तपासणी ५००. दोन लिंक रॉड १,१००, दोन स्ट्रट माउंट बेअरिंगसह २,०००, मजुरी २,०००, बाहेरून अलाइनमेंट ६००. ब्रेकला पॅड २,०००, फेसिंग १,०००, मजुरी ८००. पार्ट मालकाने स्वतः पार्ट नंबर लिहून घेऊन आणले. लिंक रॉड आणि माउंट कंपनीचे, पॅड नावाजलेल्या ब्रेक कंपनीचे.

इथे एक चूक होता-होता राहिली. लोअर आर्म उघडायचा नव्हता म्हणून निभावलं, पण साखळी वर्कशॉपचं किट बसवलं असतं तर ती झाली असती. आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना पूर्ण आवळले, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवं बुश वर्षभरात फाटतं. बोल्ट हलके लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची आणि मग घट्ट करायचे. 'नवीन टाकलं तरी सहा महिन्यांत आवाज' या तक्रारीत खराब पार्टइतकाच हा घाईचा हात असतो.

अलाइनमेंटबद्दलही एक खबरदारी. स्ट्रट उघडला की अलाइनमेंट तपासावंच लागतं, पण या गाडीत पुढे फक्त टो (वरून बघताना चाकांची दिशा) सेट होतो. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) करेक्शनचे वेगळे पैसे कुणी मागितले तर नेमकं काय सरळ करणार ते विचारा. आर्म किंवा स्ट्रट जॅक लावून वाकवणार असतील तर नको म्हणा.

पिरिऑडिक सर्व्हिस मात्र कंपनीच्या सेंटरला, फवारण्या काढून, ७,२०० ला. फिटरने हेच काम साडेपाच हजारांत केलं असतं. तरी १,७०० जास्त मोजले ते गाडी वर्षभरात विकायची होती म्हणून. कंपनीच्या सिस्टीममध्ये किलोमीटरची सलग नोंद दिसली की जुनी गाडी घेणाऱ्याला मीटरवर विश्वास बसतो. पुढची पाच वर्षं गाडी ठेवायची असती तर हे पैसे तिथे घालवण्यात अर्थ नव्हता.

सेंटरला नेण्याचं दुसरं कारण रिकॉल. जुलै २०१८ मध्ये मारुतीने ७ मे ते ५ जुलै २०१८ या काळात बनलेल्या १,२७९ स्विफ्ट आणि डिझायर एअरबॅग कंट्रोलरच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. रिकॉलचं काम वॉरंटी संपली असली तरी फुकट होतं. चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून किंवा काउंटरवर विचारून ते तपासता येतं. सेकंडहँड गाडी असेल तर पहिल्या मालकाने ते केलंच असेल असं धरू नये.

आवाज, ब्रेक आणि सर्व्हिस मिळून झाले १७,२००. पहिल्या एस्टिमेटच्या निम्मे, दुसऱ्यापेक्षा साडेसहा हजार कमी. पण एका दिवसाच्या जागी तीन दिवस गेले, नाना पेठेची एक चक्कर झाली, आणि काम बिघडलं तर जबाबदार एकटा कुणी नाही, ही जोखीम पत्करावी लागली. ज्याला सुट्टी मिळत नाही आणि खालून गाडी बघायची आवड नाही, त्याने फवारण्या कापून, रॅकआधी लिंक रॉड तपासायला लावून सगळं सेंटरलाच केलं तरी चालेल. रॅम्पवर गाडीखाली उभं राहून खेळ दाखवा म्हणायचं, एवढ्यानेच एस्टिमेट बऱ्यापैकी उतरतं.

जॉब कार्डवर काय लिहून घ्यावं

तक्रार लिहा, उपाय लिहू नका. 'रॅक बदला' असं कार्डावर आलं आणि आवाज राहिला, तर सेंटर म्हणेल तुम्ही सांगितलं ते केलं. 'खराब रस्त्यावर २०-३० च्या वेगात डाव्या बाजूने खडखड' असं लिहिलं की आवाज घालवणं हेच काम ठरतं. त्याखाली: विचारल्याशिवाय एस्टिमेटबाहेरचं काम करायचं नाही, काढलेले जुने भाग परत हवेत.

ऑइल किती लीटर लावलंय ते बघा. या १.२ लीटर इंजिनात फिल्टरसकट तीन लीटरच्या थोडं वर ऑइल बसतं. बिलावर चार लीटर दिसले तर उरलेला डबा मागा. ग्रेड मॅन्युअलप्रमाणे, 'गाडी जुनी झाली, जाड टाका' हा सल्ला धुडकावून. ड्रेन प्लगला नवीन वॉशर हवाच. प्लग गनने आवळला तर ऑइल पॅनचा आटा जातो आणि काही रुपयांच्या वॉशरवरून काम नव्या पॅनवर जातं. एअर फिल्टर या सर्व्हिसला बदलायचा की फक्त साफ करायचा, ते मॅन्युअलमध्ये किलोमीटरवार दिलेलं असतं. ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं.

जुन्या बिलाशी तुलना करताना कर लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी बऱ्याच भागांवर २८ होता. आणि जीएसटी क्रमांक नसलेल्या गॅरेजला बिलात जीएसटी लावताच येत नाही. साध्या पावतीवर पार्टची नावं, किलोमीटर आणि तारीख लिहून घ्या.

वॉरंटी असती तर

गाडी वॉरंटीत असती तर निर्णय बराच वेगळा झाला असता, पण 'बाहेर हात लावला की वॉरंटी संपली' हे जसंच्या तसं खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना अशी सरसकट अट घालायला मनाई केली. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल असं त्यात म्हटलं आहे. दंडाचा वाद पुढे अपिलात गेला. व्यवहारात मात्र सर्व्हिसची नोंद नसेल तर इंजिनच्या क्लेमवर वाद घालायला सेंटरला आयतं निमित्त मिळतं. त्यामुळे वॉरंटीत असताना ऑइलची सर्व्हिस सेंटरलाच, आणि टायर, बॅटरी, वायपर कुठेही.

एअरबॅग किंवा एबीएसचा दिवा, इमोबिलायझरची चावी, एएमटीचं (आपोआप बदलणाऱ्या गिअरचं) कॅलिब्रेशन, हायब्रिडची बॅटरी ही कामं गाडी कितीही जुनी असली तरी सेंटरची. त्यांना कंपनीचा स्कॅनर लागतो; बाजारातला साधा स्कॅनर कोड वाचतो, पण नवीन युनिट गाडीला ओळखवून देऊ शकेलच असं नाही. अपघाताची दुरुस्ती विमा कंपनीच्या कॅशलेस यादीतल्या वर्कशॉपला, आणि सर्व्हेअर बघेपर्यंत काहीही उघडायचं नाही.

बिलावरून वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतली जाते. तिथे जॉब कार्डची प्रत आणि परत घेतलेले जुने भाग तोंडी हमीपेक्षा जास्त कामाला येतात.

या स्विफ्टच्या फाइलमध्ये आता अलाइनमेंटचा छापील कागद, पॅडची पावती आणि एक चिठ्ठी आहे: उजव्या लोअर आर्मचं मागचं बुश ८०,००० च्या सर्व्हिसला पुन्हा रॅम्पवर बघणे. तोवर गाडी विकली गेली, तर ती चिठ्ठी नव्या मालकाच्या हातात द्यायची.